जमिनीखालचा पहारा

साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेब बादशहाने १६९९ सालच्या अखेरीस वेढा घातला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलात मंगळाईच्या बुरुजाखाली पोखरून ठासलेल्या सुरुंगांना बत्ती दिली, तेव्हा किल्ल्याचे हवालदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले जाऊनही जिवंत निघाले आणि कोसळत्या तटाचा मोठा भाग हल्ल्यासाठी सज्ज उभ्या असलेल्या मोगली फौजेवरच पडून तिचा भयंकर संहार झाला, ही हकीकत इतिहासप्रेमी मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याआधी चाळीस वर्षे, १६६० साली, चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाला पन्नासहून अधिक दिवस झुंजवत ठेवले, तेही अखेर बुरुजाखालचा सुरुंग उडेपर्यंतच. या दोन्ही प्रसंगी किल्ल्यातल्या शूरांची नावे राहिली, वेढा घालणाऱ्या सरदारांची नावे राहिली. परंतु ज्या माणसांनी अंधारात गुडघ्यांवर बसून, डोक्यावरच्या मातीचा भरवसा नसताना, ती पोखरणी केली, त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडची हकीकत माझ्या वाचनात कधी आली नाही. सुरुंग लावणारा माणूस त्या अंधारात काय ऐकत होता, कशाला भीत होता, दिवस कसा मोजत होता, याविषयी बखरी मौन पाळतात.

हे मौन एका माणसाने मोडले आहे, आणि तो आपल्यापासून काळाने व देशाने फार दूरचा आहे. ऑलिव्हर होम्स वुडवर्ड हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील टेंटरफील्ड या गावी १८८५ साली त्याचा जन्म झाला. पेशाने तो खाणींचा अभियंता. आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जियमच्या भूमीखाली त्याने जी चाकरी केली तिचा वृत्तांत त्याने नंतर आपल्या नोंदींच्या आधाराने सविस्तर लिहून काढला. हा वृत्तांत बाजारात विकण्यासाठी लिहिलेला नव्हता; आपल्या माणसांनी तो वाचावा, एवढाच त्याचा हेतू होता. कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या दफ्तरात तो आज जतन झालेला आहे आणि २०१० साली त्यावर आधारलेला एक चित्रपटही निघाला. चित्रपटाने वुडवर्डचे नाव घरोघरी पोहोचवले हे खरे. तरी मूळ कागदांत जे आहे ते कोणत्याही पडद्यावर सर्वस्वी उतरणे कठीण, कारण त्यातला बहुतेक भाग प्रतीक्षेचा आहे.

विसाव्या शतकात, विमाने आणि यांत्रिक तोफा यांच्या काळात, सतराव्या शतकातील किल्ल्याच्या वेढ्याची ही विद्या पुन्हा का उपजली, हे आधी सांगितले पाहिजे. १९१४ सालच्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत दोन्ही सैन्यांनी जमिनीत खंदक खणले आणि एकमेकांसमोर ठाण मांडले. मशीनगनपुढे उघड्यावरून चालून जाणे म्हणजे निश्चित मृत्यू; बगल देऊन मागे जावे तर बगलच उरलेली नाही. सारी युद्धभूमी हाच एक प्रचंड वेढा होऊन बसला, आणि वेढ्यात तट फोडण्याचा जो जुना उपाय, तोच पुन्हा स्मरला. आरंभ जर्मनांनी केला, आणि त्यांच्या पहिल्या मोठ्या सुरुंगी हल्ल्याचे लक्ष्य झाले ते हिंदुस्थानातून गेलेले सैन्य. २० डिसेंबर १९१४ रोजी फेस्तुबेर आणि जिव्हाँशी या गावांजवळ सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली जर्मनांनी दहा लहान सुरुंग एकामागून एक उडवले व त्या गोंधळात पायदळ घुसवले. प्रत्येक सुरुंगात सुमारे पन्नास किलो दारू, म्हणजे पुढील काळाच्या मानाने खेळणेच. परंतु पायाखालची जमीनच शत्रूच्या हातात आहे या जाणिवेने शिपायांचे धैर्य जे खचले, त्याचा धसका ब्रिटिश सेनापतींनी घेतला आणि आपलेही सुरुंगकरी उभे केले पाहिजेत हा निर्णय त्या दिवसानंतर लांबणीवर टाकणे शक्य राहिले नाही.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे, कारण ही कथा त्याच्या अंगणातूनही जाते. सरहिंद ब्रिगेड ज्या लाहोर डिव्हिजनचा भाग होती, त्याच डिव्हिजनबरोबर पुण्याजवळच्या खडकी छावणीतील तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्सात उतरल्या होत्या. 'सॅपर्स अँड मायनर्स' हे लांबलचक विलायती नाव आपल्या लोकांच्या जिभेवर बसून 'सफरमैना' झाले, आणि सफरमैना पलटणीत मराठे, शीख व मुसलमान असे तिन्ही जातींचे लोक भरती होत. पूल बांधणे, रस्ते काढणे, खंदक खणणे आणि सुरुंग लावणे हे त्यांचे विहित काम. असे असूनही २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल या खेड्यावरील हल्ल्यात त्यांना पायदळासारखे पुढे घालण्यात आले, आणि त्या दिवशी गल्लीबोळांतल्या हातघाईत दोन्ही कंपन्यांचा एकही गोरा अधिकारी धडपणे परतला नाही. एका तयार कारागिराला वर्षानुवर्षे शिकवून तयार करावे आणि एका दुपारी त्याच्या हाती संगीन देऊन त्याला खर्ची घालावे, हा लष्करी हिशेब मला तेव्हाच्या उतावळेपणाचा नमुना वाटतो.

ब्रिटिशांनी सुरुंगकरी शोधले ते आपल्या शहरांच्या गटारांत. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स नावाचा एक धडाडीचा कंत्राटदार, जो पार्लमेंटचा सभासदही होता, मँचेस्टर शहरात मैल्याच्या भुयारांचे काम करीत होता. त्याच्याकडील मजूर चिकणमातीत भुयार खणण्याची एक विशेष रीत वापरीत. लाकडाच्या फुलीसारख्या आधाराला पाठ टेकून, पाय पुढे करून, अर्धवट निजल्यासारखे बसायचे आणि अरुंद पात्याचे कुदळीसारखे हत्यार दोन्ही पायांनी समोरच्या मातीत रेटायचे. लाथेने माती सुटते म्हणून इंग्रजीत या रीतीला 'क्ले-किकिंग' म्हणतात. या रीतीत घाव नाही, ठोका नाही, म्हणून आवाज जवळजवळ नाही. सुटलेला लगदा दुसरा माणूस पोत्यात भरी, तिसरा तो रबरी चाकांच्या गाडीवरून मागे ओढून नेई, आणि भुयाराच्या तोंडाशी लाकडी चौकटी एकही खिळा न मारता बसवल्या जात, कारण माती फुगून त्यांना आपोआप घट्ट आवळी. नॉर्टन-ग्रिफिथ्सने ही कल्पना सरकारदरबारी आधीच मांडली होती. तिला कोणी दाद दिली नव्हती. फेस्तुबेरनंतर १९१५ च्या फेब्रुवारीत युद्धमंत्री लॉर्ड किचनेरने त्याला बोलावून घेतले, आणि मँचेस्टरच्या गटारकामावरून कमी केलेले मजूर अवघ्या चार दिवसांत जिव्हाँशीजवळ शत्रूच्या समोर जमिनीखाली उतरले. कवायत नाही, सलामी नाही, बंदूक धरण्याचा सराव नाही. त्यांना ज्या कामाचे शिक्षण लागत होते ते त्यांच्या हाडीमाशी आधीच भिनलेले होते. १९१६ च्या मध्यापर्यंत अशा सुरुंगकऱ्यांच्या तीसहून अधिक कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे पंचवीस हजार माणसे होती.

वुडवर्डचा मार्ग याहून लांबचा होता. क्वीन्सलंडमधील चार्टर्स टॉवर्स येथील खाणविद्यालयात शिकून तो माउंट मॉर्गनच्या खाणीत व पुढे पापुआमधील तांब्याच्या खाणींत काम करीत होता. तिथल्या हिवतापाने त्याचे शरीर पोखरले होते. १९१५ साली तो सैन्यात दाखल झाला आणि नव्याने उभारल्या जात असलेल्या ऑस्ट्रेलियन खाणपथकात त्याला अधिकारपद मिळाले. १९१६ च्या फेब्रुवारीत हे बाराशेहून अधिक लोकांचे पथक 'युलिसिस' जहाजाने सिडनीहून निघाले, फ्रीमँटल बंदरातून बाहेर पडताना जहाज खडकावर आदळले, दुरुस्तीत महिना गेला, आणि मे महिन्यात ही मंडळी मार्सेलला उतरली. त्यांच्यात एक असामान्य गृहस्थ होते: सिडनी विद्यापीठातील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड. दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या मोहिमेत चुंबकीय ध्रुवापर्यंत चालत जाऊन आलेले हे विद्वान वयाची अठ्ठावन्न वर्षे उलटत असताना मेजर म्हणून युद्धावर आले, आणि जमिनीखालचे पाणी कोणत्या ऋतूत किती चढते याचे नकाशे त्यांनी करून दिले. एका विहिरीची पाहणी करीत असताना ते सुमारे ऐंशी फूट खाली कोसळले, बरगड्या मोडल्या, तरी बरे होऊन ते पुन्हा कामावर रुजू झाले. भूगर्भशास्त्राने रणांगणाची एवढी सेवा त्यापूर्वी कधी केली नव्हती.

ही सेवा का लागली, हे बेल्जियमच्या मातीत पाहावे लागते. ईप्र शहराभोवती वरच्या थरात पाण्याने भिजलेली वाळू आहे, जिच्यात विहीर खणू गेले तर भिंती आत वाहून येतात. तिच्या खाली मात्र घट्ट, निळी चिकणमाती आहे, जिच्यातून पाणी झिरपत नाही. जो पक्ष वाळूचा थर भेदून निळ्या मातीत पोहोचेल तो सुखाने खणू शकेल, आणि वर राहील तो वाळू व पाणी यांच्याशीच झगडत बसेल. ब्रिटिश बाजूने लोखंडी कड्यांचे अस्तर लावून वाळूतून विहिरी खाली उतरवल्या गेल्या. त्यात एक नवीच चिंता उत्पन्न झाली: निघणारी निळी माती जर शत्रूच्या विमानातल्या वैमानिकाने पाहिली, तर भुयार किती खोल गेले आहे हे तो रंगावरून ओळखील. म्हणून एकूण एक पोते रात्री उचलून दूर नेऊन झाकावे लागे. एवढ्या प्रचंड उद्योगाचे गुपित मातीच्या रंगावर अवलंबून असावे, ही गोष्ट वाचताना मी कागद खाली ठेवून बराच वेळ विचार करीत राहिलो होतो.

ईप्रच्या आग्नेयेला, कोमीनकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कडेला, एकोणिसाव्या शतकात रुळांसाठी चर खणताना निघालेल्या मातीचे ढिगारे पडले होते. समुद्रसपाटीपासून साठ मीटर उंच म्हणून लष्करी नकाशावर त्यांतील एकाचे नाव 'हिल सिक्स्टी' पडले. पलीकडच्या लांबट, वळणदार ढिगाऱ्याला 'कॅटरपिलर', म्हणजे सुरवंट, म्हणू लागले. आपल्याकडे ज्याला टेकाडही कोणी म्हणणार नाही, त्या उंचवट्यावर चढून पाहिले की सपाट प्रदेशात कोसभर सारे दिसे, आणि एवढ्यासाठी हजारो माणसे तेथे मेली. ब्रिटिशांनी या टेकाडाखाली पहिले मोठे सुरुंग १९१५ च्या एप्रिलातच उडवले होते. पुढे खोल भुयार सुरू झाले. एका ब्रिटिश कंपनीने ते सुरू केले, एका कॅनडियन कंपनीने ते पुढे नेले, आणि १९१६ च्या शरदापर्यंत हिल सिक्स्टीखाली ५३,५०० पौंड आणि सुरवंटाखाली ७०,००० पौंड स्फोटक दारू, प्रामुख्याने अमोनल, सुमारे नव्वद ते शंभर फुटांच्या खोलीवर ठासून ठेवण्यात आली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही ठेव वुडवर्डच्या कंपनीच्या, म्हणजे पहिल्या ऑस्ट्रेलियन सुरुंग कंपनीच्या, ताब्यात आली.

वुडवर्डच्या चाकरीचे मर्म येथे आहे. ज्या सुरुंगांमुळे त्याचे नाव राहिले ते त्याने खणलेले नव्हते. ते दुसऱ्यांनी खणले, दुसऱ्यांनी भरले. त्याच्या वाट्याला आला तो पहारा. सात महिने, रात्रंदिवस, ती दारू कोरडी राहावी, तिच्यापर्यंत गेलेल्या विजेच्या तारा अखंड राहाव्यात, भुयारात पाणी चढू नये, आणि जर्मन सुरुंगकऱ्यांना ती सापडू नये, एवढेच त्याचे काम. उडवण्याचा हुकूम कधी येईल हे कोणालाच माहीत नव्हते. खजिन्यावर नाग बसतो अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या नागाला निदान हलण्याची मुभा असते. या लोकांना खोकण्याचीही चोरी होती.

जमिनीखालच्या युद्धात मुख्य शस्त्र कान. फ्रेंचांनी शोधून काढलेले 'जिओफोन' नावाचे उपकरण त्यांच्याकडे होते: पारा भरलेल्या दोन लाकडी डब्या जमिनीवर ठेवायच्या, त्यांच्या नळ्या डॉक्टरच्या नळीसारख्या दोन कानांत घालायच्या, आणि दोन्ही कानांत आवाज सारखा होईपर्यंत डब्या सरकवायच्या, मग होकायंत्राने दिशा टिपायची. दोन ठिकाणांहून दिशा टिपल्या की त्या जेथे छेदतात तेथे शत्रू. मुरलेल्या ऐकणाऱ्याला कुदळीचा घाव, गाडीची घरघर, पावलांची चाहूल, लाकडाचा करकराट हे सारे निरनिराळे ओळखता येई. आणि या विद्येचा पहिला धडा असा, की आवाज ऐकू येत आहे तोपर्यंत भय नाही. शत्रू खणतो आहे याचा अर्थ तो अजून तयार नाही. खणण्याचा आवाज थांबून त्याऐवजी काही जड वस्तू घासत ओढल्याचा आवाज येऊ लागला, की समजावे, दारूची पोती आत येत आहेत; आणि तोही आवाज थांबला, म्हणजे जेथे आपण कान लावून पडलो आहोत ती जागा सोडण्यास कदाचित काही मिनिटेच उरली आहेत. शत्रूचे भुयार फार जवळ आले तर त्याच्यावर 'कॅमूफ्ले' नावाचा लहान सुरुंग उडवीत, एवढ्या बेताचा की वर जमिनीला खड्डा पडू नये, फक्त खालचे भुयार चेपून जावे. हिल सिक्स्टीखाली मात्र हा उपायही दुधारी होता. जर्मन भुयारे ठासलेल्या दारूच्या अगदी निकट येऊन ठेपली; कॅमूफ्ले उडवावा तर आपल्याच तारा तुटण्याची, दारू वेळेआधी पेटण्याची, आणि काही नाही तरी येथे राखण्याजोगे काही आहे हे शत्रूला कळण्याची धास्ती; उडवू नये तर शत्रूचे पाते कोणत्याही क्षणी पोत्यांना लागण्याचा संभव. काही वेळा त्यांनी प्रहार केला, काही वेळा श्वास रोखून स्वस्थ पडून राहिले. स्वस्थ पडून राहण्याच्या या निर्णयाला पदक कोणी देत नाही. त्याची नोंद खाजगी कागदांतच सापडावयाची.

मृत्यू तेथे अनेक रूपांनी येई. स्फोटानंतर भुयारात साचणारा कर्बाचा विषारी वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. त्याची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी व पांढरे उंदीर खाली नेत, आणि सुटका करणारे लोक प्राणवायूची नळकांडी पाठीवर बांधून उतरत. पण वुडवर्डच्या कंपनीवरचा सर्वांत मोठा आघात शत्रूच्या हातून झाला नाही. २५ एप्रिल १९१७, म्हणजे ऑस्ट्रेलियन लोकांचा गॅलिपोलीच्या लढाईच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी त्यांच्या भूमिगत कचेरीत सुरुंग पेटवणाऱ्या डेटोनेटरांची तपासणी चालू असताना अकस्मात स्फोट झाला आणि दोन अधिकाऱ्यांसह दहा माणसे जागच्या जागी गेली. ज्यांच्याबरोबर सकाळी न्याहारी केली त्यांना संध्याकाळी मूठमाती द्यावयाची, आणि रात्री पुन्हा तारांचा रोध मोजावयास बसावयाचे, असा तो दिनक्रम होता.

अखेर हुकूम आला. सेनापती प्लूमर याच्या दुसऱ्या सैन्याने मेसीनच्या डोंगरधारेवर हल्ला करावयाचा आणि तत्पूर्वी धारेखाली ठासलेले सगळे सुरुंग एकदम उडवावयाचे, असा बेत ठरला. दिवस ७ जून १९१७, वेळ पहाटे ३ वाजून १० मिनिटे. हिल सिक्स्टीचे दोन्ही सुरुंग उडवण्याचा अधिकार वुडवर्डकडे होता. या रात्रीचे त्याने केलेले वर्णन मी वाचले तेव्हा त्यातल्या एका गोष्टीने माझे मन वेधले: वीरश्रीचा त्यात लवलेश नाही, आहे ती केवळ एका कारागिराची धास्ती. तारा शाबूत आहेत ना, हे तो पुन्हापुन्हा मोजून पाहतो. आपल्या हातून चूक झाली आणि सुरुंग उडला नाही, किंवा उशिरा उडून आपल्याच पायदळाच्या डोक्यावर कोसळला, तर काय, या विचाराने तो हैराण होतो. अडीचच्या सुमारास अखेरची तपासणी करून त्याने तारा जोडल्या. शेजारी दोन लेफ्टनंट हातयंत्रे घेऊन बसले, की मुख्य कळ चुकली तर ती उपयोगी पडावीत. एक जनरल घड्याळ हातात धरून मिनिटे, मग सेकंद मोजू लागला. हुकूम होताच वुडवर्डने कळ इतक्या आवेगाने ओढली की त्याचा हात उघड्या विद्युत्‌टोकांना लागला आणि विजेच्या धक्क्याने तो मागे फेकला गेला. काय घडले हे क्षणभर त्याला उमगलेच नाही. मग जमीन हेलकावे खाऊ लागली.

एकूण एकोणीस सुरुंग त्या पहाटे काही सेकंदांच्या अवधीत उडाले. त्यांत सुमारे साडेचारशे टन स्फोटक होते. हादरा समुद्रापलीकडे इंग्लंडातही जाणवला. दिवस मावळण्यापूर्वी मेसीनची धार ब्रिटिशांच्या हाती होती, आणि त्या युद्धात एवढी नेमकी व एवढी झटपट यशस्वी झालेली मोठी चढाई क्वचितच दाखवता येईल. या स्फोटांत दहा हजार जर्मन मारले गेले असे विधान पुस्तकांमागून पुस्तकांत उतरत आले आहे. ते जपून घ्यावे. हा आकडा मुळात जर्मनांनी बेपत्ता म्हणून नोंदलेल्या माणसांचा आहे, आणि ब्रिटिशांनी त्या लढाईत सात हजारांहून अधिक कैदी धरले होते. तेव्हा बेपत्ता झालेल्यांपैकी पुष्कळजण कैदखान्यात होते हे उघड आहे. तरीही मेलेल्यांची संख्या हजारांतच मोजावी लागेल, आणि त्यांतले अनेक झोपेतच गेले. त्यांच्यात जर्मन सुरुंगकरीही होते, ज्यांचा आवाज वुडवर्डची माणसे सात महिने नळ्यांतून ऐकत आली होती.

वुडवर्डला तीन वेळा 'मिलिटरी क्रॉस' मिळाला, म्हणजे एक मूळ पदक आणि त्यावर दोन पट्ट्या. गंमत अशी नव्हे, तर विचार करण्यासारखी गोष्ट अशी की त्यातले एकही पदक हिल सिक्स्टीसाठी नव्हते. पहिले १९१६ साली आर्मेंतिएरजवळ दोन खंदकांच्या मधल्या ओसाड पट्टीतील एक पडके घर, जेथून जर्मन मारा करीत, ते रात्री जाऊन उडवून दिल्याबद्दल. दुसरे १९१८ च्या सप्टेंबरात माऱ्याखाली रस्ता मोकळा केल्याबद्दल. आणि तिसरे ४ नोव्हेंबर १९१८ रोजी साम्ब्र–वाज कालव्यावर, शत्रूच्या गोळ्या अंगावर घेत, रणगाड्यांसाठी पूल टाकल्याबद्दल. युद्ध संपायला तेव्हा नेमका एक आठवडा उरला होता.

त्या शेवटच्या चकमकीच्या आधीची एक हकीकत त्याच्या कागदांत आहे. बॅलरॅट गावचा एक खाणकामगार, हुद्द्याने कॉर्पोरल, त्याच्याकडे आला आणि म्हणाला की उद्या मी मरणार आहे, तेव्हा माझ्या या चारदोन वस्तू आपण ठेवून घ्याव्या आणि माझ्या पत्नीकडे पोहोचवाव्या. वुडवर्डने त्याची समजूत घातली, धीर दिला. पण कॉर्पोरलचा आग्रह ढळेना, म्हणून शेवटी त्याने वस्तू घेतल्या. दुसऱ्या दिवशी कालव्याकाठी तो कॉर्पोरल मारला गेला, आणि वुडवर्डने वस्तू त्याच्या पत्नीकडे रवाना केल्या. लष्कराच्या रोजनाम्यात त्या दिवशीची नोंद पुलाची आहे, आणि तेच त्या रोजनाम्याचे काम. त्या चारदोन वस्तूंची नोंद जर एका अधिकाऱ्याने घरच्यांसाठी लिहिलेल्या पानांत केली नसती, तर युद्ध जिंकलेले असताना मरणाऱ्या माणसाच्या मनात काय असते, हे आपल्याला कोणी सांगितले असते?

युद्धानंतर वुडवर्ड पुन्हा खाणधंद्यात गेला, ब्रोकन हिल येथील एका मोठ्या खाण कंपनीचा सरव्यवस्थापक झाला, आणि १९६६ साली वारला. हिल सिक्स्टीच्या पायथ्याशी त्याच्या कंपनीचे एक साधे स्मारक आहे. त्यावर दुसऱ्या महायुद्धातील गोळ्यांचे व्रण उमटलेले आहेत. टेकडी कोणी सपाट केलेली नाही, कारण तिच्या पोटात दोन्ही बाजूंचे सुरुंगकरी अजून आहेत. सुरवंटाच्या जागी झालेल्या विवरात आता संथ पाणी भरलेले असते.

आता पुन्हा आपल्या सफरमैनांकडे वळतो. फ्रान्सातील हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनिसाच्या कचेरीतून जात. तेथे त्यांचे उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे धाडले जात, आणि ते उतारे लंडनच्या दफ्तरखान्यात आज आहेत. त्यांत मराठी पत्रांचेही उतारे आहेत. म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतल्या माणसांनी आपल्या बोलीत लिहिलेले किंवा कोणाकडून लिहवून घेतलेले शब्द आपल्याला मिळतात ते परक्याने निवडलेले आणि परक्या भाषेत घातलेले. मूळ पत्रे ज्या घरी पोहोचली त्या घरी त्यांचे काय झाले? कित्येक ठिकाणी ती पावसात कुजली असतील, कित्येक ठिकाणी आजीच्या पेटीत, सनदेच्या व सातबाऱ्याच्या कागदांच्या खाली, एखादे घडी केलेले पान, पलटणीतून सुटल्याचा दाखला, एखादे काळवंडलेले पदक अजून असेल. आपल्या घरी पणजोबा सफरमैनात होते असे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ती पेटी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, त्यातला प्रत्येक कागद, तो मोडीत असला तरी, वाचता येणाऱ्याला दाखवावा, आणि पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे त्याची निदान एक प्रत पोहोचवावी.